शिकेकाईची पोच

फ्रँकफर्ट,
ता. १८ ऑगस्ट १९६०

तीर्थस्वरूप सौ. सासूबाईंच्या चरणी वसुधेचा शिरसाष्टांग नमस्कार. हा शब्द मी नुसता रिवाज म्हणून लिहीत नाही. सांगली ज्या दिशेला असावी असा माझा अंदाज आहे तिकडे तोंड करून, खोलीच्या लाकडी जमिनीवर खरोखर डोकं टेकलं आणि मगच लिहायला बसले. (वाकताना मान फार हलकी वाटली. त्याचं कारण ओघानं येईल, आपण घाई करू नये.)

आपली तब्येत, ती. मामंजींची कंबर आणि दारचा जाईचा वेल, तिघंही ठीक असतील अशी आशा करते. मामंजींना म्हणावं, पावसाळ्यात वर्तमानपत्र आत बसून वाचावं, ओट्यावर नको. उल्कावन्संना आशीर्वाद. (नणंदेला आशीर्वाद द्यायचा की नमस्कार करायचा हे मला चार वर्षांत कळलेलं नाही. जे योग्य असेल ते माझ्या वतीनं आपणच घालून टाकावं.) गणपती आठवड्यावर आले. यंदाही इथे सुपारीवरच भागवणार. आपले चिरंजीव मजेत आहेत. लोखंडाला गंज का चढतो यावर त्यांचा प्रबंध चालू आहे. दोन वर्षं झाली, लोखंडाला अजून गंज चढतोच आहे. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पोलादातल्या केसाएवढ्या चिरा शोधतात. त्यांच्या प्रोफेसरांनी परवा मला मुद्दाम थांबवून सांगितलं की तुमच्या यजमानांच्या नजरेतून काही म्हणून सुटत नाही. मी आपलं जा, जा म्हटलं. (इथे हो म्हणायला जा म्हणतात. पहिले सहा महिने मी दर वेळी उठून जायला निघत असे.)

आपलं निळं विमानपत्र मिळालं. कडांना उलट्यासुलट्या लिहिलेल्या ओळींसकट सगळं वाचलं. वन्संचा साखरपुडा झाला, मुलगा इरिगेशनमध्ये आहे, मार्गशीर्षात कार्य आहे आणि आम्ही दोघांनी बोटीनं यायचं आहे, हे वाचून फार आनंद झाला. त्याच आनंदाच्या भरात डाव्या कडेची ओळ वाचली. वन्संच्या होणाऱ्या सासूबाई, मालिनीबाई, यांनी साखरपुड्यात चार बायकांदेखत विचारलं म्हणे, की तुमच्या जर्मनीच्या सूनबाईंची ती वेणी अजून तशीच आहे ना, का तिकडे जाऊन मडमेसारखे केस कापून घेतले? आणि आपण भर पंक्तीत सांगितलंत की वेणी अडतीस इंच आहे, एक इंच कमी भरली तर माझं नाव बदला, आमच्या घरच्या शिकेकाईचा तो प्रताप आहे. त्यावर मालिनीबाई म्हणाल्या, बरं, कार्यात बघूच. ही ओळ वाचल्यापासून मला नीट झोप नाही. म्हणून आज केसांची हकीकत अगदी मुळापासून कळवते. काही लपवून ठेवणं माझ्या स्वभावात नाही हे आपण जाणताच.

मूळ चूक आपल्या चिरंजीवांची. गेल्या कार्तिकात त्यांनी आपल्याला पत्र लिहिलं. त्यात गंजाविषयी दोन पानं होती आणि बायकोविषयी दोन वाक्यं. पहिलं, वसुधा ठीक आहे. दुसरं, तिच्या केसांना हल्ली पाइनच्या झाडासारखा वास येतो. सहा महिन्यांत बायकोविषयी एकच गोष्ट त्यांच्या लक्षात आली आणि ती त्यांनी नेमकी आईला कळवली. आपलं उलट टपाली उत्तर मला अजून पाठ आहे: शाम्पू ताबडतोब बंद कर, तो साबण आहे, साबणानं धोतरं धुतात, शिकेकाई पाठवते आहे. मी त्याच दिवशी शाम्पू सोडला. अर्धी बाटली उरली होती ती आमच्या घरमालकीणबाईंना, फ्राऊ लिंडनरना देऊन टाकली. त्यांनी ती आपल्या कुत्र्याला लावली. कुत्रा तेव्हापासून इतका देखणा दिसतो की रस्त्यात लोक थांबून चौकशी करतात. मला अर्थातच त्याचा हेवा वाटला नाही.

शिकेकाई जहाजानं निघाली ती साडेतीन महिन्यांनी पोचली. इथे परदेशचं पार्सल झोलआम्टात, म्हणजे जकातीच्या कचेरीत जाऊन उघडून दाखवावं लागतं. तिथले साहेब सज्जन होते. त्यांनी चिमूटभर पूड नाकाशी नेली, सात वेळा शिंकले आणि मग एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात जगातल्या सगळ्या वस्तू लिहिलेल्या आहेत, शिकेकाई तेवढी नाही. सौंदर्याची वस्तू म्हणून नोंदवायची तर कारखान्याचा दाखला हवा, आणि आपल्या स्वयंपाकघरातलं जातं हा कारखाना धरायला ते तयार होईनात. औषध म्हणावं तर डॉक्टरची चिठ्ठी हवी. राहिला झाडपाल्याचा चहा. त्याला नुसता शिक्का पुरतो. आपले चिरंजीव, जे जन्मात कधी खोटं बोलले नाहीत असं आपण माझ्या आईला मुलगी बघायला आलात तेव्हा सांगितलं होतं, त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणून सही केली. पाच शेर शिकेकाईच्या पिशवीवर ठसठशीत अक्षरांत चिठ्ठी लागली: क्रॉयटरटे, झाडपाल्याचा चहा. ती चिठ्ठी मी घरी आल्याबरोबर काढायला हवी होती. पण सरकारी कागद फाडू नये ही आपलीच शिकवण.

आता वारांचं ऐका. निघताना आपण घालून दिलेले नियम मला तोंडपाठ आहेत. आदल्या रात्री तेल चोळायचं, पाणी कढत घ्यायचं, आणि डोक्याला जे काही लावू ते चांगलं मुरू द्यायचं, घाईघाईनं ओतून मोकळं व्हायचं नाही. सोमवारी न्हायचं नाही. बुधवारी भाऊ असलेलीनं न्हायचं नाही. (माझा मोहन एकटाच आहे, पण एक भाऊसुद्धा भाऊच.) गुरुवार दत्ताचा. शनिवारचं तर नावच काढायचं नाही. उरले मंगळवार, शुक्रवार आणि रविवार. आता फ्राऊ लिंडनरचेही नियम आहेत, आणि ते टाइप करून न्हाणीघराच्या दाराला लावलेले आहेत. त्याला हाउसओर्डनुंग म्हणतात. त्यांच्या न्हाणीघरात बंब आहे. खरोखरीचा बंब, उभा, तांब्याचा, खाली कोळसे घालायचा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. पण तो आठवड्यातून एकदाच पेटतो, शनिवारी. मंगळवारी जिने पुसायचे असतात. रविवारी पाण्याचा आवाज करायचा नसतो, कारण त्या दिवशी सगळी बिल्डिंग मन लावून शांत बसलेली असते. अशा रीतीनं दत्तानं आणि फ्राऊ लिंडनरनं मिळून माझ्यासाठी एक शुक्रवार शिल्लक ठेवला, आणि शुक्रवारी बंब गार.

तरी मी हरले नाही. बिल्डिंगच्या तळघरात धुणं उकळायची खोली आहे, तिथे एका आड एक शुक्रवारी आमची पाळी असते. मी वरती स्वयंपाकघरात शिकेकाई उकळायची, खाली जाऊन चूल पेटवायची, पुन्हा दोन मजले चढून शिकेकाई आणायची आणि चादरींच्या रांगेत बसून न्हायची. पहिल्या न्हाण्याला डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. थोडं डोळ्यांत शिकेकाई गेल्यामुळे, पण बरंचसं त्या वासामुळे. तळघरात, त्या ओल्या भिंतींमध्ये, एकदम आपल्या न्हाणीघराचा वास आला. ते केस वाळल्यावर फ्राऊ लिंडनरनी हातात घेऊन पाहिले आणि आल्झो, म्हणजे अगबाई, असं म्हणून खुर्चीवर बसल्या. त्या दिवशी मला शाम्पूची आठवण झाली नाही, हे मी शपथेवर सांगते. (पुढच्या शुक्रवारांविषयी शपथ घेत नाही.)

तिसऱ्या खेपेला घोटाळा झाला. शिकेकाईचं पातेलं शेगडीवर ठेवून मी तळघरात चूल पेटवत होते. फ्राऊ लिंडनर पावसातून भिजून आल्या. पातेल्यात काहीतरी गरम दिसलं. शेजारी पिशवी, पिशवीवर सरकारी शिक्क्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर चहा. ह्या बाई अडुसष्ट वर्षांच्या. ह्यांचा एक वेळ देवावरचा विश्वास उडेल पण सरकारी शिक्क्यावरचा उडायचा नाही. त्यांनी दोन चमचे साखर घातली आणि मोठा कप भरून घेतला. मी वर आले तेव्हा कप निम्मा झाला होता. इंटरेसान्ट, म्हणाल्या. (हा शब्द इथे पुन्हा वाढू नका या अर्थी वापरतात.) मी खरं सांगायला हवं होतं. पण अर्धा कप पोटात गेल्यावर खरं सांगून त्या बाईला सुख लागलं नसतं. मी नुसती हसले. रिठे वेगळ्या पुरचुंडीत बांधून पाठवायची बुद्धी आपल्याला झाली, ही दत्ताचीच कृपा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्राऊ लिंडनरनी मला मिठी मारली. अकरा वर्षं तीन डॉक्टरांना जे जमलं नव्हतं ते आपल्या शिकेकाईनं एका रात्रीत केलं होतं. तपशील लिहीत नाही, पोटाचा विषय आहे. त्या मात्र सगळा तपशील जिन्यात उभं राहून सांगत सुटल्या. रविवारपर्यंत बिल्डिंगमधल्या साठीच्या पुढच्या सगळ्या बायका कप घेऊन दारात. कुणाला कशी नाही म्हणणार? एक म्हणाली, पहाटे सहाला; दुसरी म्हणाली, माझं साडेपाचलाच. त्यांची तोंडं इतकी आनंदी दिसत की माझ्यानं राहवेना. यांना सांगितलं तर यांनी सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसतापुसता विचारलं, त्यांना फेस येतो का? ज्येष्ठ संपता संपता पिशवीचा तळ दिसला. आपल्या शिकेकाईनं जर्मनीत फार मोठं कल्याण केलं, फक्त केसांपर्यंत ते पोचलं नाही.

आता पुन्हा शाम्पू आणणं सोपं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात पाइनचा, लिंबाचा, कॅमोमाइल नावाच्या फुलाचा, असे रांगेनं ठेवलेले असतात. पण आपल्याला शब्द दिला होता. शिवाय उपकार फेडायला ह्या बायका टपलेल्याच होत्या. माझी शिकेकाई संपली आणि कारण त्या स्वतः आहेत हे कळल्यावर प्रत्येकीनं आपापल्या आजीचा उपाय सांगितला. इथे प्रत्येकीला आजी होती आणि प्रत्येक आजीचे केस जमिनीला लागत होते. मग तुमचे असे का, असं विचारलं की नुसतं लढाई म्हणतात. त्यापुढे काही विचारता येत नाही.

पहिला उपाय ब्रेननेसल. ही आपल्याकडच्या खाजकुइलीची थोरली बहीण, नदीकाठी हवी तेवढी उगवते. तिचा पाला उकळून त्या पाण्यानं न्हायचं. हातमोजे घालून खुडायचा असतो हे सांगायला ती बाई विसरली, आणि मी मंगळागौरीची पत्री खुडावी तशी दोन्ही हातांनी ओचाभर खुडून आणली. तीन दिवस हात पोळीएवढे सुजले होते. पोळ्या मात्र झाल्या नाहीत. आपल्या चिरंजीवांनी तीन दिवस पाव खाल्ला आणि चौथ्या दिवशी आज पोळ्या मऊ झाल्यात असं पावालाच म्हणाले. केस स्वच्छ झाले की नाही ते सांगता येत नाही, कारण डोक्याला हातच लावता येत नव्हता.

दुसरा उपाय लिहिताना लेखणी अडखळते. अंडं. मी खाल्लं नाही. फक्त डोक्यावर फोडलं. शास्त्रात याला काय प्रायश्चित्त आहे ते माझं नाव न सांगता गुरुजींना विचारून ठेवावं. तळघराची पाळी नव्हती, म्हणून हे न्हाणं शनिवारी, बंबाच्या पाण्यानं झालं. म्हणजे एकाच वेळी दोन पापं. आता ह्या उपायात पाणी गार घ्यायचं असतं. पण कढत पाण्याचा आपला नियम मी परदेशात आले म्हणून मोडणार होते थोडीच? पहिला तांब्या ओतला आणि अंडं डोक्यावरच शिजलं. बारीक बारीक पिवळे गोळे. दोन दिवस विंचरताना पडत होते. फ्राऊ लिंडनरचा कुत्रा तेवढे दिवस माझ्या पायाशी बसून होता.

तिसरा उपाय बिअर, आणि तीही श्रावणात. हीसुद्धा मी प्याले नाही, केस प्याले. तळमजल्यावरच्या बाईंनी शपथेवर सांगितलं की वास पाच मिनिटांत उडतो. मी ट्रामनं बाजारात निघाले. कुंकू, नऊवारी नाही पण चांगली इरकल, हातात भाजीची पिशवी, आणि अंगाला भट्टीचा दरवळ. शेजारच्या बाईनं आपली दोन मुलं उचलून पुढच्या डब्यात नेली. तिकीट तपासणाऱ्यानं तिकीट बघितलंच नाही, नुसतं खांद्यावर थोपटून म्हणाला, बाई, जपून जा. मी आयुष्यात इतकी सरळ कधी चालले नव्हते.

चौथा उपाय राय नावाच्या धान्याचं पीठ. ह्याचा इथे काळा पाव करतात. (पहिले दोन महिने मी तो करपलेला समजून परत करत असे.) पीठ कोमट पाण्यात पातळ कालवायचं, डोक्याला लावायचं, दोन मिनिटांत गार पाण्यानं धुऊन टाकायचं. मला हे ऐकून हायसं वाटलं. पीठ म्हणजे आपली ओळखीची वस्तू. दिवाळीचं उटणं काय आणि हे काय. पण दोन मिनिटांत धुणं माझ्या मनाला पटेना. गेल्या दोन वर्षांत मी आपले नियम एकेक करून मोडले होते. म्हटलं, आज शनिवार आहे तेवढा सोडून बाकी सगळे पाळायचे. आदल्या रात्री वाटीभर खोबरेल चोळलं. पाणी कढत घेतलं. केसांची खालची लांबी वेणी घालून बाजूला ठेवली, म्हणजे पीठ वाया जायला नको, आणि माथ्याला, मानेला, मुळांना चांगलं थापून घेतलं. मग मुरावं म्हणून बंबाकडे पाठ करून अर्धा तास बसले. बंब चांगला तापला होता. मी शाम्पूशिवाय जगता येतं असा विचार करत होते आणि मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

कढत पाण्यात पीठ कालवलं की त्याची खळ होते, आणि तिच्यात तेल घालून ती शेकली की काय होतं, ते मला ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. मी रोज भाकरी करते. फक्त ती डोक्यावर कधी केली नव्हती. दुसऱ्या दिवशी रविवार, पाण्याचा आवाज बंद, पण फ्राऊ लिंडनरनी हाउसओर्डनुंग गुंडाळून ठेवली आणि नळ सोडला. चार वाजता त्यांची भाची हेल्गा कॉफीला येते. मुलगी हुशार आहे, केसांच्या दुकानात कामाला आहे. तिनं दोन तास खटपट केली आणि शेवटी प्रश्न अगदी समाधानकारक सोडवला. डोकं आता स्वच्छ आहे. वेणी आजही अडतीस इंच आहे, मी काल टेप घेऊन स्वतः मोजली. मालिनीबाईंना तसं निःशंक सांगावं.

तर ही शिकेकाईची पोच. लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घालावं. (फ्राऊ लिंडनरनी सगळंच घातलं.) मामंजींना साष्टांग नमस्कार. लोभ आहेच, तो पत्र पुरं वाचून झाल्यावरही राहावा, एवढंच मागणं.

आपली आज्ञाधारक,
वसुधा

ता. क. — वर लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त वेणी माझ्या डोक्यावर नाही. ती कपाटात, यांच्या बुटांच्या रिकाम्या खोक्यात, पातळ कागदात गुंडाळून ठेवली आहे. माथ्याचं पीठ निघालं, पण मानेपाशी असा गोळा झाला होता की कंगव्याचे दात मोडले. हेल्गानं तीनदा विचारलं, खरंच कापू? मी जा म्हटलं. कात्री लागल्याचा आवाज झाला तेव्हा मी रडले. खूप रडले. फ्राऊ लिंडनर पण रडल्या. इथे गंमत नाही करत. निघायच्या दिवशी बॅलार्ड पिअरवर, बायकांच्या वेटिंग रूममध्ये, आपण माझी वेणी घातली होतीत आणि शेवटचा पेड ओढताना एवढंच म्हणाला होतात की डोकं सांभाळ. तेच एक सांगितलं होतंत आणि तेच माझ्याकडून झालं नाही. (अडतीस इंच हेही गोंड्यासकट. नुसती पस्तीस भरते, तीन इंच पिठाबरोबर गेले. पण टोकाला रेशमाचा गोंडा लावला की बरोबर अडतीस.)

ता. क. २ — आपल्या चिरंजीवांना काही बोलू नये. त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. आज अकरा दिवस झाले. घराबाहेर मी डोक्याला रुमाल बांधते, पण घरात बांधत नाही. काल जेवताना त्यांनी बराच वेळ माझ्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाले, वसुधा, दिवा बदललास का? खोलीत उजेड जास्त वाटतो.

ता. क. ३ — आता खरं काम. ते लिहिताना 'आपण' लिहवत नाही, म्हणून 'तुम्ही' लिहिते.

लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात, हळदीकुंकवाच्या दुपारी, मी न्हाणीघरात तांब्या न्यायला आले होते. तुम्ही केस विंचरताना आतून कडी लावता, दृष्ट लागते म्हणून. त्या दिवशी कडी नीट बसली नव्हती. तुम्ही पाठमोऱ्या होतात. मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि डब्यात केसांचं गंगावन. मी पाऊल न वाजवता मागे फिरले. यांच्या जन्माच्या आधी तुम्हाला विषमज्वर झाला होता असं मामंजी सांगतात, त्यातच केस गेले असतील. हे मी कुणाला सांगितलं नाही, यांना नाही, वन्संना नाही. बायका शिकेकाई मागायला यायच्या आणि तुमच्या अंबाड्याकडे बघत राहायच्या, तेव्हा मी शेजारी उभी राहून मान डोलवायची. हेल्गाची कात्री चालली तेव्हा मला तुमच्या रागाची भीती वाटली नाही. तुम्ही पंचविशीच्या होतात आणि हे सगळं एकट्यानं, कडी लावून केलंत, एवढंच मनात आलं.

तर वेणी माझ्याकडे आहे, माझीच आहे, रंग जुळवायचा प्रश्न नाही. ती बांधायची कशी तेवढं मला येत नाही. मी आरशासमोर चार दिवस खटपट केली. मान हलवली की ती खाली पडते. तीस वर्षं पंक्तीत, लग्नात, हळदीकुंकवात, कुणाच्या बापाला कळू नये अशी बांधणारी बाई मला एकच माहीत आहे. आमची बोट २८ नोव्हेंबरला लागते. मालिनीबाईंच्या आधी, वन्संच्या आधी, तुम्ही एकट्याच बॅलार्ड पिअरवर या. मामंजींना हारतुरे आणायला पाठवा. काळा दोरा आणि आकडे घेऊन या. मी रुमाल बांधून, बुटांचं खोकं काखेत धरून, त्याच वेटिंग रूममध्ये येते. यांचं सामान मोजून होईपर्यंत आपल्याला निदान अर्धा तास मिळेल. आतून कडी मी नीट लावीन.

ता. क. ४ — वाचून झालं की हे पत्र बंबात घाला. शिकेकाई पाच शेर जास्त दळून ठेवा, फ्राऊ लिंडनर रोज विचारतात. आणि रागावणार नसाल तर एक सांगते: खोक्यातली वेणी मी पिठातून सोडवून पाइनच्या शाम्पूनं धुतली. इतकी मऊ झाली आहे की मालिनीबाई नक्की तुमच्या शिकेकाईची कृती मागतील. तुमच्यासाठीही एक बाटली आणते आहे. डब्यातल्या केसांना फार मानवतो, मी करून पाहिलंय.